आपलोच माणूस आसा!

गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ साली गर्दीच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पॅरिसचे रस्ते होते. माणूस जमावात शिरला की त्याची स्वतःची अक्कल गळून पडते, खांद्याला खांदा लागला की एकाचं खूळ दुसऱ्याच्या डोक्यात जातं, असं त्याचं म्हणणं. या गृहस्थाला मालवण तालुक्यात आणून सोडलं असतं, तर तो गोंधळला असता. इथे जमाव बघायचा तर आंगणेवाडीच्या जत्रेची वाट पाहावी लागते, आणि ती जत्रा कधी हेही देवीचा कौल मिळाल्याशिवाय ठरत नाही. एरवी एक घर इथे, दुसरं माडांच्या पलीकडे, तिसरं व्हाळ ओलांडून. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ भरली, म्हणजे आधीच्या जनगणनेपेक्षाही कमी. चौरस किलोमीटरला १६३ माणसं. साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर.

पुस्तकी हिशेबाने गुंतवणुकीच्या खुळाची साथ इथे यायलाच नको. गर्दी नाही, अडाणीपणा नाही, आणि कोकणी माणसाचा संशयी स्वभाव तर जगजाहीर. तरीही गेल्या तीस-पस्तीस वर्षांत महाराष्ट्रात आलेल्या जवळजवळ प्रत्येक लाटेचं पाणी या किनाऱ्यापर्यंत पोचलं. सागवानाची झाडं, न पाहिलेल्या जमिनी, शेळ्या-म्हशींच्या पालनाचे करार, अलीकडे चकाकणारे खडे. लोक हावरे आहेत म्हणून हे झालं, असं म्हणून मोकळं होता येतं. पण हाव सगळीकडे सारखीच असते. खूळ कोणत्या वाटेने घरात येतं, ते पाहणं जास्त उपयोगाचं. आणि ही वाट जुनी आहे.

१८६१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इंग्लंडची नजर हिंदुस्थानकडे वळली. बेळगाव-धारवाडकडचा माल बैलांच्या पाठीवरून रामघाट उतरून वेंगुर्ल्याला येई आणि तिथून गलबतांनी मुंबईला जाई. भाव असे चढले की लोकांनी गाद्या-उश्या उसवून आतला कापूस विकल्याच्या कथा मुंबईत पुढे कित्येक वर्षं सांगितल्या जात. युद्धाच्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या मिळकतीपेक्षा सात-आठ कोटी पौंड जास्त मिळाले, असा त्या काळाचा अंदाज आहे.

एवढा पैसा ठेवायचा कुठे? मुंबईने त्याच्यासाठी कंपन्या काढल्या. दिनशा वाच्छांनी १९१० साली या प्रकरणावर पुस्तक लिहिलं. १८६५च्या सुरुवातीला शहरात ३१ बँका होत्या असं ते नोंदवतात, शिवाय कापूस दाबायच्या प्रेसच्या, विम्याच्या, जहाजांच्या आणि समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या. या शेवटच्या प्रकारातली सगळ्यांत गाजलेली ‘बॅकबे रेक्लमेशन’. तिचा पाच हजार रुपये भरणा झालेला शेअर पन्नास हजारांवर गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती. बंगालातल्या मातला नदीवर होऊ घातलेल्या पोर्ट कॅनिंग नावाच्या बंदराचे शेअरही मुंबईतल्या लोकांनी चढ्या भावाने घेतले. त्यातल्या कितीजणांना मातला नदी नकाशावर दाखवता आली असती, देव जाणे.

या खेळाचा सूत्रधार प्रेमचंद रायचंद, सुरतेहून आलेला, तिशी नुकती ओलांडलेला दलाल. लोक त्याच्या दारात उभे राहत ते कंपनीचा ताळेबंद मागायला नव्हे. त्यांना हवी असे त्याची चिठ्ठी. १८६३च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरची जुनी बंधनं सैल झाली होती आणि शेअर तारण ठेवून कर्ज देता येऊ लागलं होतं. प्रेमचंदशेठचा शब्द असला की कर्ज मिळे, त्या कर्जातून शेअर घेतले जात, ते शेअर पुन्हा तारण. बँकेत सरकारचं भांडवल होतं, सरकारने नेमलेले संचालक होते. तेव्हा सरकार आहे, शेठ आहे, गल्लीतले चारचौघे आहेत, मग भिण्याचं कारण काय?

९ एप्रिल १८६५ला दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली. बातमी मुंबईला पोचली आणि कापूस घसरू लागला. वायद्याचे सौदे पुरे करायची तारीख होती १ जुलै. त्या दिवशी देणाऱ्याकडे द्यायला काही नव्हतं आणि घेणाऱ्याकडेही. २,८५० रुपयांपर्यंत गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. १८६८ साली ती बँक मोडीत काढून चौकशी आयोग बसवावा लागला. १८६४ला मुंबईची शिरगणती ८,१६,५६२ झाली होती. १८७२ला ती ६,४४,४०५ भरली. हा सगळा फरक एकट्या शेअरबाजाराच्या माथी मारता येणार नाही, पहिली मोजणी फुगलेली असू शकते. पण भरावाची आणि बांधकामांची कामं थांबली तेव्हा डोक्यावरची पाटी उतरवून गावाकडे परतलेल्यांत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गाचाही, वाटा असणारच. या लोकांनी एकही शेअर घेतला नव्हता.

या पडझडीत एक माणूस सापडला तो या किनाऱ्याचा जवळचा. डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे मांद्र्याचे, तेरेखोलच्या खाडीपलीकडे पेडण्यातले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले पदवीधर, गोरगरिबांवर फुकट उपचार करणारे, शिलालेख वाचून राजवंशांचा काळ ठरवणारे. पुरावा म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कळणारी माणसं त्या मुंबईत हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. १८६५च्या सट्ट्यात त्यांची मिळकत गेली. पुढे ते दोनदा मुंबईचे शेरीफ झाले, संशोधनही चालू राहिलं, पण पैशाने ते सावरले नाहीत, १८७४ला वारले. दगडावरच्या झिजलेल्या अक्षरांवर शंका घेणारा माणूस शेअरच्या कागदावर शंका का घेत नाही? दगड अनोळखी असतो. शेअर मात्र ज्यांच्याबरोबर आपण सभांना बसतो, वर्गणी काढतो, शाळा चालवतो, त्या प्रतिष्ठितांच्या सहीने आलेला असतो.

हॉलंडातल्या ट्युलिपच्या कंदांची गोष्टही याच वाटेने जाते. १८४१ साली चार्ल्स मॅके या स्कॉटिश पत्रकाराने ती रंगवून सांगितली: १६३६-३७च्या हिवाळ्यात सगळा देश वेडा झाला, धुराडी साफ करणाऱ्यांपासून सरदारांपर्यंत सगळे बुडाले. अॅन गोल्डगार या इतिहासकार बाईंनी डच नोटरींची दप्तरं उपसली आणि २००७ साली पुस्तक लिहिलं. त्यांना देश बुडाल्याचा पुरावा सापडला नाही. सापडलं ते बऱ्यापैकी लहान वर्तुळ: एकमेकांचे सोयरे, शेजारी, एका धंद्यातले, एका पंथातले व्यापारी. १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझी ४५ दिवसांत दीडपट करून देत होता, त्याचेही सुरुवातीचे ठेवीदार त्याच्यासारखेच इटलीहून आलेले लोक होते. पुढे शहराचे पोलीसही रांगेत आले. ल बाँचा जमाव अनोळखी माणसांचा. पैशाचं खूळ मात्र ओळखीच्या माणसांतून फिरतं, आणि अशी ओळख कोकणाएवढी दाट दुसरीकडे क्वचितच सापडेल. घरं लांब लांब असली तरी माणसं गुंतलेली असतात. भावकी, वाडी, देवस्थानाचे मानकरी, मुंबईतली ग्रामस्थ मंडळं, लालबाग-परळच्या जुन्या खोल्या, आता वाडीचा व्हॉट्सअॅप गट. वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि चतुर्थीला, ही सगळी जाळी एका पडवीत येऊन बसते. कुणाला कशात किती सुटले, हे तिथे भजनानंतरच्या उसळीबरोबर कळतं.

नव्वदच्या दशकात या पडवीत सागवान आलं. झाडांचे ‘युनिट’ विकणाऱ्या कंपन्या देशभर निघाल्या होत्या. आज काही हजार भरा, वीस वर्षांनी लाकडाचे कित्येक पट घ्या. १९९७च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने या योजना शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या ‘सेबी’च्या कक्षेत आणायचं जाहीर केलं, १९९९च्या ऑक्टोबरात नियम झाले. तोवर अशा साडेसहाशेहून अधिक कंपन्यांनी साडेतीन हजार कोटींच्या आसपास गोळा केले होते, आणि हा आकडा त्यांनी स्वतःच सांगितलेला. नियम आल्यावर बहुतेकांनी नोंदणी न करता गाशा गुंडाळला.

यात एक गंमत आहे, कडवट म्हणावी अशी. हापूसचं कलम लावलं की पाच-सात वर्षं फळाची वाट पाहायची, हे ज्याला आज्याने शिकवलंय, वनखात्याचा साग साठ-ऐंशी वर्षांनी तोडीला येतो हे जो लहानपणापासून ऐकतोय, त्याच माणसाने वीस वर्षांत सोनं होणारं सागाचं झाड घेतलं. पाहायला न जाता. आपल्या परसातल्या झाडाबद्दल तो असला शब्द कुणाचा ऐकून घेणार नाही. पण कागदावरचं झाड आणलेलं असतं ते शाळामास्तराने, विम्याच्या एजंटाने, किंवा पतपेढीची पिग्मी गोळा करायला रोज संध्याकाळी येणाऱ्या पोराने. ‘आपलोच झील आसा मा, तो कसो बुडवतलो?’

हे वाक्य खोटं नव्हतं. त्याने बुडवलं नाहीच. तोही बुडाला.

‘पीएसीएल’ हे याचं सगळ्यांत मोठं उदाहरण. लोकांच्या तोंडी ‘पर्ल्स’. पंजाबात एकेकाळी दूध घालणाऱ्या निर्मलसिंग भंगूने उभी केलेली ही कंपनी म्हणे शेतजमीन विकत होती. हप्त्याने पैसे भरायचे, मुदत संपली की जमीन किंवा तिची वाढलेली किंमत. जमीन कुठल्या राज्यात, कुठल्या गटात, हे भरणाऱ्याला ठाऊक नसे, आणि तो विचारतही नसे, कारण त्याला जमीन नकोच होती. त्याला हवं होतं बँकेपेक्षा बरं व्याज. २२ ऑगस्ट २०१४ला सेबीने योजना बंद करून पैसे परत करायचा आदेश काढला, तेव्हा हिशेब बाहेर आला: ५ कोटी ८५ लाख गुंतवणूकदार, ४९,१०० कोटी रुपये. २ फेब्रुवारी २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कंपनीच्या जमिनी विकून पैसे वाटण्यासाठी. त्याच सुमारास महाराष्ट्रात पुण्याची ‘समृद्ध जीवन’, वसईकडची ‘मैत्रेय’ आणि ‘साईप्रसाद’ यांच्यावरही कारवाया झाल्या. कुणी शेळ्या-म्हशींच्या नावाने पैसे घेतले होते, कुणी प्लॉटच्या.

भागिले तर पीएसीएलच्या एका खात्याला सरासरी आठ-साडेआठ हजार रुपये येतात. श्रीमंत व्हायला निघालेल्या माणसाची ही रक्कम नाही. मुलीच्या लग्नाला, घराच्या कौलांना, म्हातारपणाला म्हणून महिन्याला बाजूला काढलेले दोन-तीनशे रुपये ते हे. त्याला खूळ म्हणताना जरा जपून म्हणावं लागतं. शहाण्या सवयीसारखंच ते दिसत होतं: हप्ता, पासबुक, शिक्का, पावती. ज्या गावात बँकेची शाखा म्हणजे बस पकडून जायची गोष्ट, तिथे दारात येणारा ओळखीचा माणूस हीच बँक. आणि पहिल्या काही वर्षांत मुदत भरलेल्यांना पैसे खरोखर मिळाले. नव्याच्या हप्त्यातून जुन्याची मुदत भागत होती, पण घेणाऱ्याच्या हातात पडलेल्या नोटा खऱ्याच होत्या. चेक वटला की तो माणूस पुढचा प्रचारक, बिनपगारी. जाहिरातीवर कंपनीने कितीही खर्च केला असता तरी असा साक्षीदार मिळाला नसता. रॉबर्ट शिलर हा अमेरिकन अर्थतज्ज्ञ बाजाराच्या फुग्यांकडे रोगाच्या साथीसारखं पाहतो. जंतूची जागा गोष्टीने घेतलेली असते, आणि गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या कानात जाते. कोकणात ती गोष्ट सांगणारा बहुतेकदा नातेवाईक असतो, एवढीच भर त्यात घालायची.

मालवणच्या किनाऱ्याला भागीची पद्धत काही नवी नाही. रापणीत पन्नास-साठ माणसं दोरीला लागतात, जाळं वाळूवर येतं, आणि ठरलेल्या वाट्याप्रमाणे मासळी वाटली जाते. जाळ्यावाल्याचा वाटा, होडीचा, ओढणाऱ्याचा. भांडणं होतात, पण लपवाछपवीला जागा नसते. आलेली मासळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडलेली असते. इथल्या माणसाला वाटेकरी होऊन धंदा करायची सवय आहे, जोखीमही कळते. पर्ल्सच्या पासबुकात ही सवय होती तशी उचललेली होती, फक्त किनारा काढून घेतला होता.

लोढा समितीने पैसे परत द्यायला सुरुवात केली ती लहान खात्यांपासून. पुढच्या काही वर्षांत १९ हजारांपर्यंत मुद्दल असलेल्या वीस लाखांहून जास्त लोकांना मिळून हजार कोटींच्या आसपास गेले. त्यासाठी ऑनलाइन अर्ज, पॅनकार्ड, मूळ प्रमाणपत्र, नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच. गावात शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, बँकेत दुसरं, आणि लग्नानंतर बाईचं नाव तिसरंच. ज्या एजंटाने खातं उघडलं होतं, तोच आता सायबर कॅफेत बसून अर्ज भरून देऊ लागला. इतर कुणाला त्यातलं कळतही नव्हतं. त्याच्याशी न बोलणारी घरंही वाडीवाडीत आहेत, आणि गणपतीत आरतीला त्याच्याकडे जावं लागतं तेही खरंच.

शहरात पोचलेल्यांचं काही वेगळं झालं नाही. २०२४च्या फेब्रुवारीत दादरला ‘टोरेस’ नावाचं चकचकीत दुकान उघडलं. मॉयसॅनाइटचे खडे घ्यायचे, हिऱ्यासारखे दिसणारे पण कारखान्यात बनवलेले, आणि खरेदीच्या रकमेवर आठवड्याला सहा टक्के व त्याहून जास्त परतावा मिळवायचा. आठवड्याला! नवा माणूस आणला की वर बक्षीस, सोडतीत मोटारी. ६ जानेवारी २०२५ला दुकानाबाहेर जी गर्दी उसळली ती ल बाँला ओळखू आली असती, पण ती शेवटच्या दिवसाची गर्दी. पहिली तक्रार देणारा दादरच्या मंडईतला भाजीविक्रेता होता. आधीचे अकरा महिने हे खूळ गाळ्यागाळ्यांतून, चाळीचाळींतून, एकेका ओळखीतून पसरत होतं, आणि दर आठवड्याला मोबाइलवर पडणारा जमेचा मेसेज त्याचा पुरावा होता. मालक परदेशी निघाले. खडे घरोघर राहिले.

सिंधुदुर्गाच्या मातीत आज जी लाट आहे ती मात्र वेगळी, कारण इथे विकली जाणारी वस्तू खरी आहे. जमीन. तिची पहिली सर दोडामार्ग-सावंतवाडीकडे आली, रबराच्या रूपाने. केरळातले बागायतदार आले, डोंगर विकत किंवा कराराने घेतले, जंगल साफ करून रबर आणि अननस लावला. २०११च्या एप्रिलमध्ये रबराचा भाव किलोला २४० रुपयांवर गेला होता. ते ऐकून इथल्याही काहींनी झाडं तोडून रबर लावलं. रबराचं झाड चिकाला यायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे भाव ऐकून लावलेली झाडं चिकाला यायच्या आधीच, २०१६च्या सुरुवातीला, भाव शंभराच्या खाली आला होता. दरम्यान २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्गच्या वन्यजीव मार्गातली वृक्षतोडच थांबवली. गेलेलं जंगल हत्तींच्या आणि वाघांच्या वाटेतलं होतं.

मग विमानतळ. ९ ऑक्टोबर २०२१ला चिपीचं उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३पासून गोव्यातल्या मोप्याला विमानं उतरू लागली. चिपीची सेवा अडखळत राहिली, पण जमिनीला विमान प्रत्यक्ष उतरावं लागत नाही, उतरणार म्हटलं तरी पुरतं. त्याआधी १८ मे २०१७ला नाणार रिफायनरीची अधिसूचना निघाली तेव्हा राजापूरच्या गावांबरोबर देवगड तालुक्यातली गिर्ये आणि रामेश्वर ही गावंही तिच्यात होती. बाहेरच्यांनी आधीच जमिनी घेऊन ठेवल्याचे आरोप झाले. २ मार्च २०१९ला अधिसूचना रद्द झाली. आता शक्तिपीठ महामार्ग: मूळ आराखड्यात वर्ध्याच्या पवनारपासून ८०२ किलोमीटर, शेवट सिंधुदुर्ग-गोवा सीमेवरच्या पत्रादेवीला. रेवस-रेडी सागरी मार्गाची चर्चा तर आजोबांच्या वेळेपासूनची. मुंबई-गोवा महामार्गावरून उतरून समुद्राकडे वळलं की ‘एनए प्लॉट’, ‘सी व्ह्यू’, ‘विमानतळापासून अमुक मिनिटं’ अशा पाट्या लागतात. सागरी नियमन क्षेत्रात त्यातल्या किती जागांवर घर बांधता येईल, हा प्रश्न पाटीवर मावत नाही.

इथे घेणारे आणि देणारे दोघेही आपापल्या गर्दीत आहेत. घेणारा पुण्या-मुंबईचा, मित्राने घेतला म्हणून घेणारा. देणाऱ्याची बाजू अधिक गुंतागुंतीची. कोकणातला सातबारा सामायिक असतो, एकेका उताऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस नावं: काही वारलेली, काही विरारला, काही दुबईला. दलालाचं खरं काम किंमत ठरवण्याचं नसतं, सह्या जमवण्याचं असतं. तो पहिली सही घेतो ती सगळ्यांत अडलेल्या घराची. मग ती दाखवून दुसरी. ‘थोरल्यान सही केल्यान, तुमी कित्याक रवल्यात?’ नाही म्हणणारा शेवटी एकटा उरतो, आणि भावकीत त्याचं नाव निघतं ते प्रगतीच्या आड आलेला म्हणून. दलाल बहुधा गावचाच असतो, मागच्या पिढीत पासबुकं आणणारा तेव्हा होता त्याच वयाचा, तसाच आरतीला हजर. त्याने आपल्या वाट्याची जमीन पहिल्यांदा विकलेली असते, आणि आता ती कितीला गेली असती हे तो प्रत्येकाला सांगतो.